विषय क्रमांक तीन

कोटका बंदराच्या मागे, कागदाच्या जुन्या गोदामात
(ओल्या पुठ्ठ्याचा वास अजून गेलेला नाही)
तिघांची समिती बसली आहे.
डिसेंबर. साडेतीन वाजलेत आणि बाहेर मिट्ट काळोख.
विषय क्रमांक तीन:
व्हिडिओ गेम अभिजात कधी होतो?

इर्मेली चष्मा कपाळावर सरकवते.
बत्तीस वर्षं वाचनालयात काढलेली बाई,
तिला आकडा हवा,
कपाटावर चिकटवता येईल असा.
"वीस," ती म्हणते. "वीस पूर्ण झाली की वरचा कप्पा."

भाषेला अभिजात म्हणायचं तर
दीड-दोन हजार वर्षांचे दाखले मागतात.
इथं विशीतच पेन्शन.

यालमारीला फेब्रुवारीत विसावं संपतंय.
"म्हणजे मलाही वर ठेवणार?"
कोणी हसत नाही.
इर्मेली कॉफी ओतते, आधी स्वतःला.

ताइस्तोनं जन्मभर टीव्ही दुरुस्त केले.
अंगठ्यावर डागणीचा जुना पांढरा डाग.
तो म्हणतो, वर्षं काय मोजताय?
यंत्र बनायचं थांबलं,
सुटे भाग मिळेनासे झाले,
आणि तरी कुणी ते टॉवेलात गुंडाळून
माझ्या दारात उभं राहिलं
की समजायचं.

मग तो खिशातून कॅसेट काढतो.
हा खेळ चढायला सात मिनिटं लागायची.
टेपमधून किंचाळल्यासारखा आवाज,
आणि तेवढा वेळ घरात कुणी पाय आपटायचा नाही,
दार लोटायचं नाही,
धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.
आई त्या सात मिनिटांत बटाटे सोलायची,
तीही हळू.

"खेळ चांगला होता?" यालमारी विचारतो.

ताइस्तो बराच वेळ विचार करतो.
"रद्दी होता.
एक चौकोन दुसऱ्या चौकोनापासून पळायचा."

इतिवृत्तात इर्मेली लिहिते: रद्दी.
मग खोडते. मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिते.
जुनं ते सोनं म्हणायला काय जातं,
कस लावायला बसलं की कळतं.

आता यालमारी एक डिस्क टेबलावर ठेवतो.
आठ वर्षांची. एक ओरखडा नाही.
बाराव्या वर्षी, पाच मित्र, रात्र रात्र.
त्यात एक गाव होतं, गावात दीपस्तंभ,
प्रत्येकाचं आपापलं घर.
गेल्या मार्चमध्ये कंपनीनं सर्व्हर बंद केला.

तो डिस्क यंत्रात सरकवतो.
पडद्यावर येतं: जोडत आहे
आणि तीन ठिपके,
एकामागून एक पेटतात, विझतात, पेटतात.

"वीस व्हायला ह्याला अजून बारा वर्षं हवीत," तो म्हणतो.
"आणि हा तर गेला.
ह्याला कुठला कप्पा?"

बंदरात बर्फफोडी बोट भोंगा देते.
ताइस्तो डिस्क बाहेर काढतो, स्वेटरला पुसतो,
जणू धुळीचाच प्रश्न आहे.
पुन्हा घालतो.
ठिपके.
मग डबा उलटा करून बघतो, सगळ्या बाजूंनी,
स्क्रू शोधत असावा.
"उघडण्यासारखं ह्यात काही ठेवलंच नाही की,"
एवढंच बोलतो, आणि खरोखर रागावलेला दिसतो,
कोणावर ते त्यालाही सांगता येणार नाही.

इर्मेली पेनाचं टोपण काढते.
"तुझं घर कुठल्या बाजूला होतं?"

"दीपस्तंभाच्या डावीकडे. निळं दार.
शेजारी एतू. तो माझ्या अंगणात
मुद्दाम सलगम लावायचा, रोज,
आणि मी रोज उपटायचो."

ती लिहिते. डावीकडे. निळं. सलगम.
"किती रोपं?"
"कधी चाळीससुद्धा."
चाळीस, ती लिहिते.
'वर्षं' हा रकाना कोरा राहतो.

विषय क्रमांक तीन पुढच्या बैठकीत घ्यावा.
विषय क्रमांक चार: छप्पर उत्तरेच्या कोपऱ्यात गळतं.
ह्यावर तिघांचंही एकमत होतं,
ताइस्तो बादली आणायला उठतो.

यंत्र बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही.